उसना धागा

फार मागची गोष्ट. शके अठराशे ब्याऐंशीच्या पौषात द्वारकामावशी पांढरी जाळीची शाल विणत होत्या. जाळी एकदा उसवू लागली की थांबत नाही. म्हणून त्यांनी मोज्यांसाठी ठेवलेल्या करड्या लोकरीच्या गुंड्यातून दोन हात धागा तोडला आणि उसवण तिथे अडेल असा शालीच्या एका ओळीतल्या टाक्यांतून ओवून ठेवला. गुंड्याला वाटलं, काम झालं की परत मिळेल.

पुढे एक टाका निसटला. शाल भराभर उसवत आली आणि त्या धाग्यापाशीच थांबली.

शाल पुरी झाल्यावर मावशींनी तो धागा काढून त्यानेच तिची घडी बांधली, ती पेटीत ठेवली आणि मोजे विणायला घेतले. दुसऱ्या मोज्याच्या अंगठ्यापाशी लोकर संपली.

"शालबाई, माझा धागा द्या," मोजा म्हणाला. "असा उघडा अंगठा घेऊन कुठे जाऊ?"

"पायात जाणाऱ्यानं एवढा थाट करू नये," शाल म्हणाली. "धागा मला शोभतो."

मोज्यात अडकलेली विणायची सुई खवळली. "आणि टाका निसटला त्या दिवशी 'धरा, धरा' म्हणून कोण बोंबलत होतं गं?"

मावशी धागा शोधत पेटीपाशी आल्या, तशी शालीने आपली गाठ आपणच सैल केली. धागा मावशींच्या हातात पडला. मोज्याचा अंगठा झाकला गेला.