तांबड्या शेंगांचं औषध

“तांबड्या शेंगांनी माझं दुखणं पार पळालं, पण...”

एवढंच काय ते साळुंकीच्या कानावर पडलं. एका रानात करंजाच्या झाडावर ही साळुंकी राहत असे, आणि झाडाखालच्या बिळात एक साळिंदर. त्याच्या घरात काय चाललंय ते वाकून ऐकल्याशिवाय हिला घास गोड लागत नसे. स्वभावानं मायाळू हो, पण कान मेला सदा दुसऱ्याच्या दारात! पुढचं ऐकू यायच्या आत साळिंदर बिळात शिरला.

साळुंकीला एकदम सशिणीची आठवण झाली. काटा लागून बिचारीचा पाय सुजला होता. पळता येत नव्हतं, आणि कोल्हा रोज बिळाशी येऊन हुंगून जात होता. आत एवढंसं पिल्लू. साळुंकीला राहवेना. पाणवठ्याकडे जाता जाता तिनं पोपटाला सांगितलं, खारीला सांगितलं, “तांबड्या शेंगा खाव्यात, दुखणं पळतं.” त्यातलं ‘खाव्यात’ तिचं तिनंच जोडलेलं.

आता मुलांनो, त्या रानात एक रीत होती. पाणवठ्यावर कुणी औषध सांगितलं, की म्हातारं कासव विचारायचं, “कुणाच्या तोंडचं?” मग ज्याला गुण आला त्याचं नाव सांगायचं, नाहीतर तिघांनी साक्ष द्यायची.

“कुणाच्या तोंडचं?” कासवानं साळुंकीला विचारलं.

चोरून ऐकलं म्हणायची तिला लाज वाटली. “सगळेच म्हणतात की!”

“मीही ऐकलंय,” पोपट म्हणाला.

“मीपण. आजच,” खार म्हणाली.

“अरे, पण ऐकलं कुणाकडून?”

“आजोबा, तुमचं विचारून होईस्तोवर तिचा पाय गळून पडेल!” पोपट म्हणाला. सगळे हसले. तीन साक्षी झाल्या होत्या. रीतीप्रमाणे कासवाला हो म्हणावं लागलं. साळुंकीनं शेंगा सशिणीच्या बिळात नेऊन दिल्या. सशिणीनं पिल्लाकडे एकदा पाहिलं आणि शेंगा खाल्ल्या.

सकाळी ती उठलीच नाही. पिल्लू तिच्या पोटाला ढुशा देत होतं.

ते ऐकून साळिंदर धापा टाकत साळुंकीकडे आला. “अगं बाई, खायला कुणी सांगितलं? ‘पण पोटात गेल्या तर विष,’ असं म्हणत होतो मी! ठेचून लेप लावला होता मी त्यांचा. मला विचारायचं तरी. खालीच तर राहतो!”

साळुंकीनं पंख पसरून पिल्लाला जवळ घेतलं.

पुढे त्या पोरक्या पिल्लाच्या पायातही काटा मोडला. साळुंकी लेप घेऊन आली.

“कुणाच्या तोंडचं?” कासवानं विचारलं.

“साळिंदरदादाच्या. त्यांना बरोबरच घेऊन आलेय.”

सूज उतरली, पिल्लू उड्या मारू लागलं. साळुंकीनं ऐकलं ते खोटं नव्हतं. शेंगांनी दुखणं जातच होतं. पण पिल्लाच्या उड्या पाहायला त्याची आई नव्हती.

तात्पर्य : एकाचंच बोलणं तिघांनी सांगितलं म्हणून त्याच्या तीन साक्षी होत नाहीत, औषध सांगण्याआधी ज्यानं ते घेतलं त्याला गाठावं, आणि त्याचं बोलणं पुरतं ऐकावं.