शलमोनच्या डोक्याशी टांगलेलं लोखंड

शिलोवाडीत येणारा पाहुणा हमखास फसतो. कबरस्तानातल्या चिंचेला रुळाचा तुकडा टांगलेला बघतो आणि विचारतो, शाळा इथं भरते का? मेलेल्यांना कोण शाळेत घालणार? शाळा ओढ्यापलीकडं आहे. हे लोखंड शलमोन मुकादमाच्या डोक्याशी टांगलंय, ते त्याला झोप लागू नये म्हणून. शहरातली माणसं यावर हसतात. हसायचं तर हसा, पण ऐकून घ्या.

असं सांगतात की मिशननं ही वाडी वसवली तेव्हा इथं घरं होती, देऊळ होतं, म्हणजे चर्च, पण पाणी नव्हतं. बायका नदीपर्यंत तंगडतोड करायच्या. रिबका नावाची एक विधवा होती. तिनं आपल्या वावराचा कोपरा दिला आणि म्हणाली, इथं विहीर खणा. तिचा एकुलता एक लेक आमोस त्याच विहिरीवर कामाला लागला. पहारीनं खडकाला भोकं पाडायची, सुरुंगाची दारू ठासायची, लांब वात वर आणून सोडायची. पोरगा कामाला वाघ होता. त्याचं लग्नही ठरलेलं होतं.

मुकादम होता शलमोन. देवळात पंच, बायबल वाचायला पुढं, आवाज खणखणीत. विहिरीवर त्याचं काम एकच आणि तेच मोठं. वात पेटवायच्या आधी रुळाचा तुकडा बडवायचा. तो वाजला की आतला माणूस बाहेर. पण दुपारच्या भाकरीनंतर शलमोनला लिंबाखाली लवंडायची सवय. त्या दिवशीही लवंडला. बाकी गडी लांब झाडाखाली जेवत होते, आणि आमोस राहिलेली पहार आणायला परत आत उतरला. शलमोन डोळे चोळत उठला, वातीला काडी लावली, आणि चार पावलांवर टांगलेलं लोखंड वाजवायचा त्यानं कंटाळा केला.

त्याच सुरुंगानं झरा फुटला. पहिलं पाणी तांबडं आलं म्हणतात. मुरमाचं असेल, नाहीतर कशाचं.

पंचांपुढं शलमोन सरळ म्हणाला, "मी लोखंड वाजवलं होतं. पोराला ऐकू आलं नसेल." गड्यांनी माना खाली घातल्या. मुकादमाच्या हाताखाली पोट होतं त्यांचं. आणि कळस म्हणजे आमोसच्या मातीच्या वेळी शास्त्र घेऊन हाच उभा राहिला! येशूनं मरणातून उठवलेल्या याइराच्या मुलीचं वाचलं, लाजराचं वाचलं, आणि रिबकाकडं बघून म्हणाला, "बाई, आमोस मेला नाही, झोपी गेलाय. रडून त्याची झोप मोडू नका."

रिबकाचं रडणं तिथल्या तिथं थांबलं. म्हणे त्यानंतर ती कधी रडलीच नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं विहिरीवरचं लोखंड सोडवलं, डोक्यावर घेतलं आणि शलमोनच्या दारातल्या शेवग्याला नेऊन टांगलं. दुपारी तो आडवा झाला, की हिनं हातोडा घातलाच.

"शलमोन, आलं का रे ऐकू?"

"बाई, डोकं फिरलंय का तुझं?"

"फिरलंय. तू देवळात उभा राहा आणि सांग की वाजवलं नव्हतंस. मग आपोआप जागेवर येईल."

तिला तेवढंच पाहिजे होतं. पैसा नको, जमीन नको. त्यानं चारचौघांत खरं बोलावं, एवढंच. शलमोननं शेवगा तोडला. तिनं लोखंड त्याच्या गोठ्याच्या आढ्याला बांधलं. तो भावकीत जाऊन निजला. ही तिकडं हजर. पंचांनी दटावलं तर म्हणायची, "लोखंड वाजवणं गुन्हा असेल तर तसं सांगा. न वाजवणाऱ्याला तुम्ही काय केलंत?"

शलमोनच्या डोळ्यांखाली खळगे पडले. बोलता बोलता त्याची मान कलंडायची आणि दचकून वर यायची. शेवटी अंथरुणाला खिळला. पाळक आले तर त्यांचा हात धरून म्हणाला, "मातीत तरी मला झोपू द्या." कबूल मात्र केलं नाही. पाळकांनी भोळेपणानं शब्द दिला.

माती दिली, गाणं झालं, पाळक म्हणाले, आपला बंधू प्रभूमध्ये झोपी गेला. तेवढ्यात फाटकातून रिबका आली. डोक्यावर लोखंड, हातात हातोडा.

"मावशी, इथं तरी नको," पाळक म्हणाले.

"साहेब, मला एकच सांगा. हा मेला का झोपला?"

पाळकांनी हातातलं शास्त्र मिटलं.

"मेला म्हणा, आत्ता घरी जाते. मेलेल्याला मी काय करणार? पण झोपला म्हणत असाल तर उठवणार."

"उठवायला शेवटच्या दिवशी रणशिंग वाजणार आहे, मावशी. ते देवाचं काम."

"वाजू दे त्याच्या वेळेला. तोवर मी आहे."

मेला म्हणावं तर शास्त्र खोटं पडतं. झोपला म्हणावं तर ही वाजवणार. कुणी बाई मागून म्हणाली, "अगं रिबका, आमोसही इथंच आहे. त्याचीही झोप मोडेल की."

"मोडू दे. उठला तर घरी घेऊन जाते."

तिनंच लोखंड चिंचेला टांगलं आणि पहिला टोला हाणला.

रोज दुपारी ती यायची. पुढं म्हातारी झाली, हातोडा उचलेना. पंच वाटच बघत होते, ही गेली की लोखंड काढायचं. पण त्या साली दुष्काळ पडला, नदी आटली, आणि पाणी राहिलं ते फक्त रिबकाच्या विहिरीला. म्हातारी विहिरीच्या काठावर येऊन बसली. म्हणाली, "जागा माझी, लेक माझा. पाणी सगळ्यांनी प्या, पैसा नको. जो पिईल त्यानं शलमोनला एक टोला द्यायचा."

शलमोनची सून दोनदा रिकामी घागर घेऊन परत गेली. मग त्याचा लेक योना स्वतः आला.

"आज्जी, कुठवर चालायचं हे?"

"तो कबूल करीपर्यंत."

"मेलेला माणूस कसा कबूल करील?"

"मेलेला?" म्हातारी हसली. "तुझा बापच शिकवून गेला मला, मरत नसतं कुणी."

घरात पोरं पाण्यावाचून ओरडत होती. योना कबरस्तानात गेला, हातोडा उचलला आणि असा हाणला की चिंचेवरचे बगळे उडाले. सांगतात की तो ओरडला, "बा, सांगून टाक की रे एकदाचं!" विहिरीपर्यंत ऐकू गेलं. रिबकानं डोळे मिटले. मग योनाची घागर भरली.

रिबका पुढच्याच पावसाळ्यात गेली. तिच्या कबरीजवळून आम्ही चपला हातात घेऊन जातो, कुजबुजतसुद्धा नाही. तिला झोपू द्यायचं.

शलमोनला मात्र आजही सूट नाही. वाडीत नवी सून आली, पाहुणा आला, नवा पाळक आला, विहिरीचं पाणी प्याला की त्यानं इथं यायचं. मुकादमाच्या घरचीही येतात. टोला मारतात आणि आवाज विरेपर्यंत कान देऊन उभी राहतात. अजून तरी खालून काही आलेलं नाही.

मघाशी तांब्याभर पाणी प्यालात ना तुम्ही? मग उठा. हातोडा तिथं बुंध्याशी आहे.