पोथीतली कोरी जागा

सावरघळच्या पाणजाईच्या देवळात नवरात्रात पोथी वाचतात, आणि वाचणारा एका जागी गप्प होतो. नवख्या माणसाला वाटतं, ओळ हुकली. म्हातारे गुरव जानूतात्या मग त्याला पायरीवर बसवून घेतात आणि सांगतात, ते असं.

फार पूर्वी इथे व्यंकंभट नावाचे पुराणिक होते. ही पोथी त्यांच्या वडिलांच्या हातची. एका पावसाळ्यानंतर पोथीवरचा रुमाल सोडला, तर पानांना कसरीची कीड लागून भोकं पडलेली. भंगलेली मूर्ती नदीत सोडतात, तशी खंडित पोथीही सोडायची, असा गावाचा रिवाज. व्यंकंभटांचा जीव तुटला. वडिलांची खूण म्हणून तेवढं अक्षरच उरलं होतं. त्यांनी घटस्थापनेपर्यंत मुदत मागितली आणि घाटाखालच्या अमीन कागद्याचं घर गाठलं.

चिकटवायची खळ मात्र सोवळ्यातली हवी, म्हणून ती घरूनच शिजवून नेली. अमीनभाईंनी थेंबभर जिभेला लावून पाहिली आणि हसू लागले.

"भटजी, मीठ घातलंत? प्यायला झकास आहे! पण पोथीला लावली तर दर पावसाळ्यात ओल धरील ती."

व्यंकंभटांनी तिथेच चूल मांडून अळणी खळ केली. अमीनभाईंनी कसर पुन्हा येऊ नये म्हणून तीत मोरचूद घातला, जुन्नरी कागदाच्या कडा खरवडून पातळ केल्या, भोकांवर ठिगळं बसवली आणि गुळगुळीत दगडाने घोटली. पानं धड झाली.

गेलेली अक्षरं व्यंकंभटांनी आठवून भरली. एक नाव तेवढं राहिलं. देवी गावात आली, तेव्हा पहिलं पाणी कुणाच्या दारी प्याली?

वरची आळी म्हणे, आमच्या. खालची म्हणे, आमच्या.

"आमचं नाव नसेल, तर बुडवा ती पोथी!" दोन्हीकडून हेच.

व्यंकंभटांना ते नाव वडिलांच्या आवाजात पाठ होतं, असं सांगतात. बोरू शाईत बुडवून ते बराच वेळ बसले. लिहावं तर पोथी जाते. न लिहावं तर वडिलांचा शब्द आपल्याच हाताने पुसला जातो. शेवटी त्यांनी बोरू धुऊन ठेवला. दुसऱ्यांचं नाव नाही ना, एवढं पाहून दोन्ही आळ्या वाचनाला बसल्या. पुढे मुलाने विचारलं, सुनेने विचारलं. व्यंकंभट नुसते पान उलटत. नाव त्यांच्याबरोबरच गेलं म्हणे.

आजही त्या ठिगळापाशी वाचणारा थांबतो. देऊळ गच्च भरलेलं असतं, तरी समईची वात तडतडलेली ऐकू येते. म्हाताऱ्याकोताऱ्यांचे ओठ हलतात. ज्याची त्याची आजी जे नाव सांगून गेली, ते जो तो मनातल्या मनात म्हणून घेतो. मग वाचणारा पुढची ओळ धरतो.