आमीन कोण म्हणणार?

“तुम्ही दुआ करणार की नाही, तेवढं सांगा ना!”

गुलेदनं मघापासून हाच धोशा लावला होता. शेख वर्समे चहा गाळत होते, ते गाळतच राहिले.

“उद्या सकाळचं विमान आहे, अदेर.”

“हं.”

अदेर म्हणजे काका. सोमाली माणसांची गंमत अशी, की पुतण्या काकाला अदेर म्हणतो आणि काकाही पुतण्याला उलट अदेरच म्हणतो. नातं एकच आहे ना, मग हाका दोन कशाला? शेख काही गुलेदचे सख्खे काका नव्हते. पण स्वीडनमधल्या त्या गारठलेल्या गोथेनबर्ग शहरात जेवढे म्हणून सोमाली होते, त्या सगळ्यांचे ते अदेर होते. एका इमारतीच्या तळमजल्यावर नमाजाची खोली होती आणि तिला लागून त्यांची लहानशी खोली. ज्याला कसला घोर लागला तो तिथं येऊन बसायचा.

“कुणासाठी दुआ?” शेखांनी विचारलं.

“लेकीसाठी. इदिलसाठी. तिला हर्गेसाला नेतोय, आपल्या गावी, माझ्या बहिणीकडे.”

“भेटायला?”

गुलेदनं खाली गालिच्याकडे पाहिलं.

“ठेवायला.”

…

ही त्या लोकांची एक रीतच होऊन बसली आहे. परदेशात वाढलेलं मूल हाताबाहेर चाललं, आपली भाषा विसरलं असं वाटलं, की त्याला मायदेशी नेऊन ठेवायचं. वळणावर आलं की परत आणायचं. कधी वर्षानं, कधी चार वर्षांनी, कधी… असो. मुलाला आधी सांगत नाहीत. सुट्टीला चाललोय, एवढंच सांगतात. इदिललाही तेच सांगितलं होतं. गुलेदनं स्वतःचं परतीचं तिकीट काढलं होतं, तिचं काढलं नव्हतं.

“पोर सोळा वर्षांची झाली,” गुलेद म्हणाला, “आणि बापाशी सोमालीत एक वाक्य धड बोलत नाही.”

“बोलायची की. इथं यायची तेव्हा माझं डोकं खायची.”

“तेव्हा तिची आई होती.”

गुलेदची बायको जाऊन चार वर्षं झाली होती. घरातली सगळी बडबड तिची होती. ती गेली आणि बडबड थांबली. उरल्या त्या गुलेदच्या दुरुस्त्या.

आता गुलेदचं सांगायचं तर हा माणूस आठवडाभर ट्राम चालवायचा आणि शनिवारी सोमाली मुलांना भाषा शिकवायचा. त्याची सोमाली म्हणजे काय सांगावं! एक परका शब्द सापडायचा नाही. त्याचा त्याला केवढा तोरा! पोरं त्याला टरकून असत. घरातही त्याचा दंडक होता, बोलायचं तर सोमालीत, नाहीतर गप्प बसायचं. इदिलनं तोंड उघडलं, की हा शब्द असा नाही तसा, हा उच्चार कुठून आणलास, हे त्याचं सुरू. एके दिवशी तिनं दोन पर्यायांतला दुसरा निवडला आणि ती गप्प बसली. तेव्हापासून घरात भांड्यांचा तेवढा आवाज होता.

“तुझं घर कुठं, अदेर?” शेखांनी चहाचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

“हे काय विचारणं झालं? हर्गेसा.”

“मागे जाऊन आलास ना? कसं वाटलं?”

“छान वाटलं.”

शेख त्याच्याकडे बघत राहिले. गुलेदनं घाईनं पेला उचलला आणि जीभ भाजून घेतली.

छान कुठलं वाटायला! हर्गेसाच्या बाजारात तो एका कापडवाल्याशी बोलला होता. अगदी ठेवणीतली सोमाली काढून बोलला होता. कापडवाला पोरसवदा होता, तो खो खो हसला. “काका, हे शब्द आमचे आजोबा वापरायचे! बाहेरगावचे दिसता. परत कधी जाणार?” आपल्याच गावात आपल्याला परत कधी जाणार म्हणून विचारतात! सत्तावीस वर्षं जी भाषा त्यानं जिवापाड जपली होती, ती गावानं केव्हाच मागे टाकली होती. त्या दिवशी तो बहिणीच्या घरी आला आणि डोकं दुखतंय म्हणून भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि शेखांना तर मुळीच सांगणार नव्हता.

“अदेर,” तो एकदम म्हणाला, आणि त्याचा आवाज त्याचा त्यालाच वेगळा वाटला, “मला घरची आठवण येते हो. ट्राम चालवताना येते, जेवताना येते. माझी लेक ज्या भाषेत हसते ती माझी नाही. तिच्या खोलीतून हसू ऐकू येतं, मी दाराशी गेलो की थांबतं. माझं जे झालं ते झालं. तिला तरी घरी राहू दे.”

“आणि तिकडून आल्यावर तुला तिची आठवण आली, तर?”

“…सहन करीन.”

“आणि तिला आली तर?”

“कुणाची? या बर्फाची?” गुलेद चिडला. “इथं तिचं आहे कोण?”

शेखांनी पेला खाली ठेवला.

“कुठंय ती?”

“बाहेर गाडीत.”

“या थंडीत!”

“हीटर चालू आहे.”

“बोलव.”

“अदेर, तिला यातलं काही माहीत नाही. तुम्ही नुसते हात वर करा, मी आमीन म्हणतो, की झालं. तिचं काय काम?”

“प्रवासाला निघतंय कोण?”

“आम्ही दोघं.”

“मग दोघांनी मागायला हवं. बोलव तिला.”

…

इदिल आली. अंगात जाडजूड जाकीट, डोक्यावर स्कार्फ, नाकाचा शेंडा लाल झालेला. तिनं शेखांना सलाम केला आणि वडिलांपासून लांब, भिंतीला टेकून बसली. शेखांनी तिला काही विचारलं नाही, ना शाळेचं, ना तब्येतीचं. चहा दिला तो मात्र दुधाचा, साखर जास्त घालून.

मग त्यांनी दोन्ही तळवे वर करून छातीपुढे धरले. गुलेदनं धरले, इदिलनंही धरले.

प्रवासाची दुआ सोमाली लोकांत अशीच होते. एक जण मागतो आणि बाकीचे आमीन म्हणतात. नुसतं मागून भागत नाही. ऐकणाऱ्यानं आमीन म्हटलं, की ते मागणं त्याचंही झालं. अल्लासमोर त्यानं त्यावर आपला शब्द ठेवला. हे लहान पोरांनाही ठाऊक असतं.

“आधी तू माग,” शेख इदिलला म्हणाले.

तिनं वडिलांकडे चोरून पाहिलं.

“मला… नीट येत नाही,” ती सोमालीत कशीबशी म्हणाली.

“कुठल्याही भाषेत माग, बाळा. ऐकणाऱ्याला सगळ्या येतात.”

गुलेद अस्वस्थ झाला. पण शेखांच्या तोंडावर बोलणार कोण? आणि एका परीनं त्याला हायसंही वाटलं. शेख या देशात म्हातारपणी आलेले, खोली सोडून फारसे कुठं जात नसत. स्वीडिशमध्ये बोलताना त्यांना कुणी कधी ऐकलं नव्हतं. मागेना का पोर काय मागायचं ते!

इदिलनं आपल्या तळव्यांकडे पाहिलं. मग स्वीडिशमध्ये बोलू लागली. सुरुवातीला हळू, मग भरभर. कित्येक महिन्यांत गुलेदनं तिला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

“देवा, मला माहीत आहे आबो मला तिकडे सोडून येणार आहे. माझ्या वर्गातली सुमाया अशीच सुट्टीला गेली, ती आलीच नाही. माझा पासपोर्ट त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात आहे, मी पाहिलाय. मला परत येऊ दे. आईची कबर इथं आहे. मी शुक्रवारी जाते तिथं, तिच्याशी बोलते, ती माझ्या चुका काढत नाही. मी तिकडे राहिले तर तिच्याशी बोलणार कोण? आबो तर जातच नाही. मला त्याचा राग नाही… नाही, आहे. खूप आहे. पण तो एकटा जेवत बसेल इथं. तेही नको. आम्हा दोघांना परत आण.”

ती थांबली. नाक ओढलं. तळवे तसेच वर.



“काय मागितलं तिनं?” शेखांनी गुलेदला विचारलं.



“सुखरूप पोचू दे, म्हणते.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“बराच वेळ बोलली.”

“ती भाषाच तशी आहे, अदेर. लांबड लावतात.”

हे तो सोमालीत बोलला. सुरेख, निर्दोष सोमालीत. आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं, की लेकीला बोलता येत नसलं तरी समजतं सगळं. इदिल त्याच्याकडे बघत होती. रडत नव्हती, रागावलेलीही नव्हती. नुसती बघत होती, आणि त्याला वाटलं, त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“बरं,” शेख म्हणाले. “मग म्हण आमीन.”

गुलेदनं तोंड उघडलं. शब्द बाहेर येईना.

आमीन कशाला म्हणायचं? त्यानं शेखांना सांगितलं त्याला, की तिनं मागितलं त्याला? शेखांना थाप मारता येईल, मारलीच होती. पण वर जे मागणं गेलं ते गेलं. आता आमीन म्हटलं तर शब्दाला बांधला गेला. मग उद्या तिला सोडून कोणत्या तोंडानं विमानात बसणार? आणि नाही म्हटलं, तर लेकीच्या देखत, अल्लाच्या देखत, तिच्या दुआला बापानंच नकार दिला.

“तुम्ही म्हणा ना आधी, अदेर.”

“तू म्हण.”

…

म्हाताऱ्याचे हात थरथरू लागले होते. बाही कोपरापर्यंत घसरली होती, दंडाची कातडी लोंबत होती. तरी ते हात खाली घेईनात.

“माझे खांदे भरून आले, अदेर,” शेख म्हणाले. “पण दुआ अर्धी टाकून हात खाली घेत नाहीत.”

“मी तिच्या भल्यासाठीच…”

“आमीन म्हण.”

“तुम्हाला काय ठाऊक, माझ्या जिवाची काय…”

“गुलेद.”

शेखांनी त्याला अदेर म्हटलं नाही. गुलेदचा चेहरा उतरला. त्यानं शेखांकडे पाहिलं. म्हातारा टक लावून त्याच्याकडेच बघत होता. याला कळलंय, गुलेदच्या मनात आलं. पहिल्या शब्दापासून सगळं कळलंय, आणि मी मूर्खासारखा याच्या तोंडावर थापा मारत बसलोय. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण लाजेपेक्षा दुसरंच काहीतरी त्याच्या मानगुटीवर बसलं होतं. तो एकटा जेवत बसेल, असं पोर म्हणाली होती. आपण तिला टाकायला निघालो होतो, आणि तिला आपल्या ताटाची काळजी.

त्याचे वर धरलेले हात खाली आले. त्यानं कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. पासपोर्ट काढला. लेकीचे तळवे अजून वरच होते, पसरलेले. त्यानं तो त्या तळव्यांवर ठेवला.

“आबो,” तो म्हणाला.

बापाला आबो म्हणतात, आणि बापानं लाडात लेकीला हाक मारायची तीही आबोच. बायको गेल्यापासून ही हाक त्यानं मारली नव्हती. पण पुढचं जे बोलला ते सोमालीत नव्हतं. घरात ज्या भाषेवर बंदी होती, तिच्यातच बोलला. अडखळत, ट्रामवाल्याच्या उच्चारांत.

“दोघं जाऊ. दोघं परत येऊ. शुक्रवारी… मला घेऊन चल तिच्याकडे.”

इदिलच्या तोंडून हुंदका फुटला. तिनं पासपोर्ट सोडून बापाचं मनगटच धरलं आणि ते सोडेना.

“आमीन,” गुलेद म्हणाला. मग पुन्हा, मोठ्यानं, “आमीन.”

“आमीन,” शेख म्हणाले, आणि तळवे चेहऱ्यावरून फिरवून एकदाचे हात खाली घेतले.

चहा गार झाला होता.

निघताना इदिल पुढे झाली. गुलेद दारात घुटमळला, बूट घालत बसला, नाडी उगाच दोनदा बांधली. शेवटी न राहवून वळला.

“अदेर, माफ करा. खोटं बोललो. ती काय मागत होती ते तुम्हाला पहिल्यापासून कळत होतं ना?”

शेख खांदे चोळत होते.

“मला कुठं येते ती भाषा?” ते म्हणाले. “तुला येते.”