उमटायला वेळ लागतो

“वस्ताद, या दोनांतलं कुठलं घेऊ? तुम्ही बोट ठेवाल ते.”

सन दोन हजार अठरा, मार्गशीर्षातला पहिला रविवार. थंडी अंगाला झोंबत होती, आणि हैबती वस्तादांच्या तालमीत दसऱ्यापासून कुस्ती झाली नव्हती.

आखाड्याची माती दगडासारखी बसली होती. तिच्यावर माणूस आपटला तर हाड जायचं. माती खणायची पाळी रणधीरची होती, आणि तालमीचा नेम असा की ज्याची पाळी त्यानंच कुदळीला हात घालायचा. दुसऱ्यानं नाही.

रणधीर याच मातीत वाढलेला. आता पुण्यात त्याची स्वतःची कंपनी होती. माझी पाळी मीच करणार, नेम मोडू नका, असं दसऱ्याला त्यानंच फोनवर बजावलं होतं. पोरं तेव्हापासून बाहेरच्या फरशीवर जोर-बैठका काढत होती.

वस्तादांनी निरोप धाडला तेव्हा तो आला, तो लॅपटॉप घेऊन. वस्तादांच्या घोंगडीवर त्यानं तो उघडला आणि शेजारी मोबाइल ठेवला.

“हे काय?”

“कामांची यादी ठेवायचं ॲप. वस्ताद, चूक माझी न्हाई. तुमचं काम मी मोबाइलवर लिहिलं, ते कॉम्प्युटरवर उमटलंच न्हाई. दिवसभर मी कॉम्प्युटरसमोर. समोर दिसलं असतं तर दसऱ्यालाच आलो असतो.”

“मग?”

“मग आता नीट बघून घेणार. हे एक साधं आहे, पण इकडं लिहिलेलं तिकडं उमटायला वेळ लावतं. हे दुसरं लगेच उमटवतं, पण नेट गेलं की आंधळं.”

दारातून कृष्णात पैलवान आत डोकावला. “रणधीरदादा, त्यात कुदळ बसते का?”

“तू बैठका काढ,” वस्ताद म्हणाले. कृष्णात गेला.

“आजवर किती बदललीस असली?”

“…चार.”

“आमची माती कितींत होती?”

“चारींत. नवं घेतलं की पहिलं काम तेच उतरवून घेतो.” हे सांगताना रणधीरची मान जरा ताठच झाली.

“म्हंजे विसरला न्हाईस.”

“एक दिवस न्हाई, वस्ताद.”



बाहेर फरशीवर पायांचे आवाज चालले होते. आपण काय बोलून बसलो ते रणधीरला तेव्हा कळलं. त्यानं लॅपटॉप थोडा मिटला, पुन्हा उघडला.

“तरी पण… दोनांतलं कुठलं?”

“बूट काढ.”

त्यानं बूट काढले. मोजे काढले.

“आत जा. पाय दाबून उभा राहा.”

रणधीर आखाड्यात उतरला. माती गार होती, आणि टणक. त्यानं सगळा भार टाकला.

“आता पाय उचल. उमटला?”

रणधीरनं खाली पाहिलं. काहीच नव्हतं. दुसरा पाय दाबला. तोही नाही.

“…न्हाई.”

वस्तादांनी भिंतीची कुदळ काढली आणि घोंगडीवर ठेवली. आधी लॅपटॉप, मग मोबाइल, मग कुदळ.

“हं. घे कुठलं घ्यायचं ते.”

रणधीर आखाड्याबाहेर आला. मग त्यानं शर्ट काढून खुंटीला लावला.

पहिल्या घावाला कुदळ उडाली आणि त्याच्या खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. कृष्णात परत दारात आला होता. तो हसला नाही, आत पण आला नाही.

दुपारपर्यंत रणधीरच्या तळहातांची कातडी गेली. ढेकळं त्यानं हातानं फोडली. तेल, हळद आणि ताक घालून माती कालवली. घोंगडीवर मोबाइल मधूनमधून वाजायचा, मग गप्प व्हायचा. वस्ताद जागचे हलले नाहीत. मदतीला कुणाला बोलावलं नाही, आणि जेवायला त्यांनी स्वतःही ताट मागितलं नाही.

ऊन कलताना रणधीरनं कुदळ धुतली, पुसली आणि जागेवर लावली.

वस्ताद उठले. वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली. मग आखाड्यात एक पाऊल टाकलं, मागं घेतलं, आणि खाली बघत उभे राहिले. टाच, तळवा, पाची बोटं.

रणधीर त्यांच्या तोंडाकडं बघत होता.

वस्तादांनी दाराकडं मान वळवली.

“पोरांनो, लंगोट बांधा.”