राजाच्या काहिलीत मळी येईना

एका राजाला फार लाज वाटत होती. कसली, ते सांगतो. पाय पोटाशी घ्या, पांघरूण नीट ओढा, आणि ऐका.

या राजाचं नाव शीलवर्धन. त्याची आई त्याला जन्म देऊन देवाघरी गेली. मग डोंगरातल्या एका वाडीवरच्या येसाईनं त्याला वाढवलं. येसाईनं त्याला अंगावर पाजलं, काखेत घेऊन रानात हिंडवलं, आणि लाडानं त्याचं नाव ठेवलं गुंड्या. तो तिलाच आई म्हणायचा. मग तो जरा मोठा झाला आणि त्याला दूरच्या नगरीत शिकायला पाठवलं. तिथं तो पुष्कळ शिकला. बोलणं मऊ झालं, चालणं हळू झालं, जेवताना तोंडाचा आवाज येईनासा झाला. सगळे म्हणाले, काय घासूनपुसून लख्ख झालाय मुलगा.

मग त्याला राज्यावर बसवलं. मोठी पंगत बसली. शेजारचे राजे आले. आणि येसाईही डोंगर उतरून आली. पायांना धूळ, लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं. तिनं भर पंगतीत हाक मारली, "गुंड्या, किती वाळलास रे." शेजारचे राजे हसले. एकानं विचारलं, ही कोण? आणि राजा म्हणाला, "ही होय? ही कामाला आहे आमच्याकडे."

येसाईनं ते ऐकलं, बरं का. मग तिनं पदर खोचला आणि उष्ट्या पत्रावळी उचलायला लागली. लेकाचं बोलणं चारचौघांत खोटं पडू नये म्हणून.

आणि मग ती तिथंच राहिली. परत गेली असती तर लोकांनी विचारलं असतं, ती कामाची बाई कुठे गेली? आणि राहिली तर लेक रोज दिसायचा तरी. राजा रोज मनात म्हणायचा, उद्या सगळ्यांना खरं सांगू. उद्या आला की वाटायचं, आता इतके दिवस गेले, आता कुठल्या तोंडानं सांगायचं? ती समोरून आली की तो खाली बघायचा. तो खाली बघतो म्हणून तीही खाली बघायची.

मग थंडी आली. उसाला तुरे आले. त्या राज्यात एक काहील होती. काहील म्हणजे रस आटवायची भली मोठी कढई, चार बैल आत बसतील एवढी. राजाच्या पणजोबांना ती नदीतल्या साती आसरांनी दिली होती. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता. त्यांनी अट घातली होती. दर वर्षी पहिला गूळ या काहिलीत करायचा. रस उकळला की राजानं काठावर उभं राहायचं, आणि आपल्याला ज्याची सगळ्यात जास्त लाज वाटते, ते मोठ्यानं सांगायचं. सांगितलं की रसातली घाण फेस होऊन वर येणार. तिला मळी म्हणतात. ती झाऱ्यानं काढून टाकली की खाली सोन्यासारखा गूळ. मग काहिलीखालच्या चुलाणातला विस्तव लोक आपापल्या गुऱ्हाळावर नेणार. तोवर कोणी ऊस गाळायचा नाही.

रसाला कसं कळतं, असं मला विचारू नका. मी पुष्कळ विचार केला आहे, आणि मला ते समजलेलं नाही.

तर राजा काठावर उभा राहिला. सगळी नगरी जमली होती. पोरं गरम गूळ खायला हातात उसाची कांडी घेऊन उभी होती. काय सांगायचं ते राजाला पक्कं ठाऊक होतं. पण एका बाजूला मोठमोठे पंडित उभे होते, आणि दुसऱ्या बाजूला येसाई रस काढलेली चिपाडं गोळा करत होती. राजानं खाली बघितलं. तो म्हणाला, एकदा गुरुजी शिकवत होते आणि मला डुलकी लागली.

लोक खूश झाले. म्हणाले, बघा, आपल्या राजाचा दोष तो केवढासा. पण रस नुसता रटरटत राहिला. मळी काही वर येईना. गूळ करणाऱ्या गुळव्यानं रसाचा थेंब गार पाण्यात टाकून पाहिला. त्याची गोळी व्हायला हवी. तो काळा होऊन पसरला. सगळा रस ओतून द्यावा लागला.

मग पुन्हा रस चढवला. या वेळी राजा म्हणाला, पुस्तकात काहीतरी उपाय असेलच. पंडित पुढे झाले. त्यांनी रस मलमलीतून गाळला, मग रेशमातून गाळला. त्यात तुरटी फिरवली, मोत्यांचं चूर्ण टाकलं. रस इतका स्वच्छ झाला की काहिलीचा तळ दिसायला लागला. राजाला हायसं वाटलं. मग एका मुलीनं पळीभर रस निववून चाखला आणि म्हणाली, "हे तर पाणी आहे." गोडीच गेली होती.

इकडे शेतात ऊस वाळायला लागला. लोक तोंडावर काही बोलत नव्हते. एक म्हातारी तेवढी म्हणाली, की पूर्वीचे राजे शिकायला कच्चे होते, पण गूळ खायला मिळायचा.

मग तिसऱ्यांदा रस चढवला. शेतात हिरवा ऊस थोडाच उरला होता. आता हा रस वाया गेला, तर वर्षभर कोणाच्याच घरी गूळ नाही. राजानं तोंड उघडलं, आणि मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. येसाईला ते बघवेना. ती पुढे आली आणि म्हणाली, "चूक राजाची नाही. मीच उष्ट्या हातानं रसाला शिवले. म्हणून तो नासतोय."

झालं. लोक तिच्यावर धावून गेले. कोणी म्हणालं, हिला हाकला. कोणी म्हणालं, नदीपार सोडा. शिपायानं तिचा दंड धरला. ती मुकाट्यानं चालायला लागली.

आणि खरं सांगू का, राजाला बरं वाटलं. क्षणभरच. सुटलो, असं वाटलं. आणि आपल्याला बरं वाटलं, हे लगेच त्याच्या ध्यानात आलं. मग मात्र त्याला अशी लाज वाटली, की कान तापले, धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

तो म्हणाला, "सोडा तिला. ती माझी आई आहे. राजे हसले, म्हणून मी तिला कामाची बाई म्हटलं. आत्ताही ती माझ्यासाठी खोटं बोलते आहे. आणि तुम्ही तिला नेत होतात, तेव्हा मला बरं वाटलं."

मग काहिलीत खदखद झाली आणि मळी वर आली. काळी, जाड, काठापर्यंत. राजानं स्वतः झारा हातात घेतला. काढली की पुन्हा यायची. सगळी नगरी बघत होती आणि तो काढत होता. त्याला वाटलं, ही संपायचीच नाही. मग हळूहळू ती पातळ झाली, पांढरी झाली, आणि थांबली. गुळव्यानं थेंब पाण्यात टाकला. टपोरी गोळी झाली.

आता तुम्हाला वाटेल, येसाई खूश झाली. छे. ती रागावली. तोंडावर पदर ओढून म्हणाली, "गुंड्या, मला एकटीला सांगायचं होतंस. एवढ्या लोकांत कशाला?"

राजा म्हणाला, "तुला एकटीला सांगायला आलो असतो, तर तू मला बोलूच दिलं नसतंस."

आणि ते खरंच होतं. मग तिनं पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला. शिपाई तिच्या पाया पडला. लोकांनी विस्तव नेला, घरोघरची गुऱ्हाळं पेटली, आणि पोरांनी बोटं भाजून घेत गूळ खाल्ला.

राजाला पुढेही लाज वाटायची. चुका काय, होतच राहतात. पण आता तो लगेच उठायचा, येसाईपाशी जाऊन बसायचा आणि सांगून टाकायचा. ती कधी हसायची, कधी दिवसभर त्याच्याशी बोलायची नाही. मग जेवायला हाक मारायची. अशी ती दोघं सुखानं राहिली, आणि ती नगरीही सुखानं राहिली.

आता डोळे मिटा. कोणाला काही सांगायचं राहिलं असेल, तर सकाळी सांगा. मी रागावणार नाही. आणि रागावलोच, तर जेवायला हाक मारीन.