कोपऱ्यातली चौकट

“चूक तुमची असेल तर सांगायची की नाही, सर?”

सारंग दारातच उभा होता. आत येऊ का वगैरे काही नाही.

प्रभुणे सर चहात बिस्कीट बुडवत होते. “सांगायची. पण आत ये. दारातून सांगितलेली चूक आहे त्यापेक्षा मोठी वाटते.”

मी खिडकीपाशी माझी आकडेमोड तपासत बसले होते. सारंगचा हा आवाज मला ठाऊक होता. जिंकून आल्यासारखा.

तो थेट फळ्याकडे गेला. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात खडूची चौकट होती. आत एक समीकरण, खाली ‘पुसू नये’.

कृष्णविवराला धक्का बसला की ते घंटेसारखं थरथरतं, मग शांत होतं. शांत व्हायला जास्तीत जास्त किती वेळ लागेल, ते त्या एका ओळीत होतं. सरांनी ती तरुणपणी मांडली. जगभर तिला ‘प्रभुणे मर्यादा’ म्हणतात. फळा पुसणाऱ्या मावशीसुद्धा तेवढी चौकट सोडून पुसतात.

सारंगने चौकटीवर बोट टेकवलं.

“ही सिद्ध करताना तिसऱ्या पायरीत तुम्ही विवर हळू फिरतंय असं धरलंय. आणि शेवटी म्हणता, कुठल्याही विवराला लागू. नाही होत लागू. वेगाने फिरणारं घ्या... ते थरथरतच राहतं. तुमची मर्यादा उरत नाही.”

...

बिस्कीट तुटून चहात पडलं. मी दचकले. सरांनी ते काढलं नाही.

“तिसऱ्या पायरीत,” ते म्हणाले.

“हो.”

“बरं. बाजू बदल.”

ही आमच्या संशोधन गटातली रीत. आक्षेप घेणाऱ्याने खुर्ची बदलायची आणि ज्याच्यावर आक्षेप घेतला त्याच्या बाजूने भांडायचं; दुसऱ्याने तो आक्षेप पुढे न्यायचा.

“आता कशाला, सर? सरळ तर आहे.”

“सरळ असेल तर लवकर संपेल. तू आता प्रभुणे. बस माझ्या खुर्चीत. चहा तेवढा पिऊ नको, त्यात बिस्कीट आहे.”

सारंग हसत बसला. सर फळ्यापाशी गेले आणि तिसऱ्या पायरीवर तुटून पडले. तिच्यावर उभी असलेली पाचवी, तिच्यावरची सातवी... एकेक ओळ लिहायचे आणि आडवी रेघ मारायचे. सारंगने जेवढं पाडलं होतं त्याच्या दुप्पट त्यांनी पाडलं.

“हा प्रभुणे आळशी होता,” सर म्हणाले. “सोपं उदाहरण सुटलं आणि गडी नाचत सुटला. बोला प्रभुणे, आहे काही उत्तर?”

“हळू फिरणाऱ्या विवरांना तरी लागू होते.”

“त्यांचं कोणी विचारलं? पुढे.”

“निरीक्षणांशी जुळते.”

“हळू फिरणाऱ्यांच्याच. पुढे?”

सारंगचं हसू गेलं होतं. “लोकांनी वापरलीये ती, सर. इतक्या जणांनी...”

“कोणी कोणी?”

...

“तुझ्या प्रबंधात विवरं आहेत,” सरांनी हळूच विचारलं. “ती किती वेगाने फिरतात रे?”

सारंगचा प्रबंध सगळ्यात वेगाने फिरणाऱ्या विवरांवर होता, आणि त्यातलं प्रत्येक प्रकरण या मर्यादेवरून निघत होतं. छापून, बांधून तयार. सोमवारी सादर करायचा. परदेशातली नोकरी त्यावरच मिळालेली.

सरांची चूक शोधण्याच्या आनंदात तो स्वतःचा प्रबंध विसरला होता.

“तुम्हाला... कधी दिसलं हे?”

“तू तिसरी पायरी म्हणालास तेव्हा. आधी माझं जाताना दिसलं. मग तुझं.”

सारंग उठला. आवाज एकदम लहान झाला होता.

“राहू द्या ना ती चौकट, सर. मी कोणाला बोलणार नाही. ही उत्तरा पण नाही बोलणार.”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, माझं मलाच कळलं नाही.

सर डस्टर शोधत होते. मिळालं नाही. मग त्यांनी सरळ तळहात चौकटीवर ठेवला आणि ती पुसून टाकली.

“सर, नको...” माझ्या तोंडून निघून गेलं.

समीकरण गेलं. ‘पुसू नये’ गेलं. तेवढ्या जागी फळा बाकीच्या फळ्यापेक्षा कितीतरी काळा निघाला. नव्यासारखा.

सरांचा हात पांढरा झाला होता. ते त्याच्याकडेच बघत राहिले.

...

“तुमचं गेलं,” सारंग म्हणाला. “माझं गेलं. आता उरलं काय, सर?”

सरांनी खडू त्याच्यापुढे धरला.

“हा कोपरा. माझ्यामुळे बरीच वर्षं अडून होता.”